तेविसाव्या ओळीतली खिडकी

"जातो मी," म्हणून उठू नकोस रे. बस जरा. विमान धुक्यामुळे वरच्या वर घिरट्या घालतंय, ते काही एवढ्यात उतरत नाही. तुझी पाळी संपलीय, लग्नाला जेमतेम चार महिने झालेत, घरची ओढ असणारच. जायचं तर खुशाल जा. पण 'जातो' म्हणू नकोस. 'येतो' म्हण. निदान या मालाच्या शेडमध्ये, रात्रीच्या वेळी, माझ्यासमोर तरी.

हसताय काय? तुम्ही सगळे ती रोगाची साथ संपल्यावर कामाला लागलेले. तुम्हाला काय ठाऊक. ते दार लोटून घ्या आधी, वारा आत येतोय. आणि तो कोपऱ्यातला दिवा राहू द्या.

ही गोष्ट माझ्या साडूची. माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. विमानात लोकांना जेवण द्यायचं, पाणी द्यायचं, पट्टे तपासायचे, हे त्याचं काम. सासरे लग्नात प्रत्येकाला सांगत होते, "जावई विमानात असतो." ऐकणाऱ्याला वाटायचं पायलट आहे. सासऱ्यांनी कोणाचा गैरसमज दूर केला नाही. आम्ही सगळे त्याला हसऱ्या म्हणायचो. चेहराच तसा. झोपलेला असला तरी वाटायचं, याला कोणीतरी विनोद सांगतंय.

साथ सुरू व्हायच्या आधी, फेब्रुवारीत, त्याच्या विमानात एक आजी चढली. परदेशातल्या मुलीचं बाळंतपण करायला एकटी निघालेली, पहिल्यांदाच विमानात. तिला जागा मिळाली तेविसाव्या ओळीत, मधली. खिडकीत एक दणकट गडी बसला होता. बसल्या बसल्या त्यानं खिडकीचं झाकण खाली ओढलं आणि घोरायला लागला. आजीचा सगळा जीव त्या खिडकीत. मान लांब करून बघायची, आणि दिसायचं काय, तर झाकण.

पट्टे तपासत हसऱ्या तिच्याजवळ आला, तर बाईनं पट्ट्याची दोन्ही टोकं पोटावर घेऊन चक्क गाठ मारलेली. गाठोड्याला मारतात तशी.

"आजी, हे असं नसतं. हा चिमटा या फटीत अडकवायचा."

"अडकवला होता. नुसतं बोट लागलं तर सुटला. असल्या चिमट्यावर माझा भरवसा नाही बाबा. गाठ ती गाठ."

हसऱ्या गुडघ्यावर बसला आणि गाठ सोडवली. नखं दुखली म्हणाला, इतकी आवळलेली.

मग आजीला डोक्यावरच्या बटणाचा शोध लागला. बटण दाबलं की छोटा दिवा लागतो, टिंग वाजतं, आणि हसऱ्या येतो.

"काय हवंय आजी? पाणी आणू?"

"काही नको रे. दिवा लावला की तू येतोस का, ते बघितलं."

थोड्या वेळानं पुन्हा टिंग. पुन्हा तेच, काही नको. दुसरा कोणी असता तर वैतागला असता. हा शेवटी तिच्या ओळीच्या कडेला उकिडवा बसून गप्पाच मारायला लागला. आजी म्हणाली, नातवंडाची मला काळजी नाही, त्याची आई आहे त्याला बघायला. काळजी आहे ती ह्यांची. ह्यांना चहासुद्धा करता येत नाही, दूध उतू घालवतात. महिन्याच्या आत मला परत यायचंय. आणि निघताना हे म्हणालेत, वरून सगळं नीट बघून ये आणि मला सांग. आता मी काय सांगू, या माणसाच्या घोरण्याचं?

हसऱ्या म्हणाला, "परतीला खिडकी मी देतो. याच ओळीत. माझ्याकडे लागलं."

"कबूल?"

"कबूल."

विमान उतरलं. हसऱ्या दाराशी उभा. तुम्हाला ठाऊक आहे, लोक कसे उतरतात. अर्धे फोनमध्ये बघत, अर्धे मान हलवून. आजी दाराशी आली, त्याच्या गालाला हात लावला आणि म्हणाली, "येते हं."

"आजी, आता तर जाताय."

"जाते म्हणू नये. येते म्हणायचं. म्हणजे येणं होतं."

ही गंमत त्यानं आम्हाला जेवताना सांगितली होती. गाठ, दिवा, सगळं. आम्ही पोट धरून हसलो.

आणि पंधरा दिवसांत सगळं बंद झालं. विमानं अशी रांगेनं उभी राहिली, इंजिनांना कापडं बांधून. माणसांची ये-जा थांबली, पण औषधं, हातमोजे, मास्क यांना मागणी इतकी की मालाची विमानं पुरेनात. तेव्हा कंपनीनं डोकं लढवलं. माणसांच्या विमानात माल भरायचा. पोटात तर भरायचाच, पण वरसुद्धा, खुर्च्याखुर्च्यांवर. प्रत्येक खुर्चीवर खोकी, त्यावर जाळी, जाळीला पट्टे. ते सगळं बांधायला माझीच टोळी होती. आम्ही खोक्यांना पाहुणे म्हणायचो. "सतराव्या ओळीतले पाहुणे बसले का?" असं ओरडायचो. काम मरणाचं होतं, तेवढाच विरंगुळा.

आता एवढा माल वर ठेवला की धूर-बीर निघाला तर बघायला कोणीतरी लागतं. म्हणून हसऱ्यासारख्यांची नेमणूक झाली. मागच्या टोकाला बसायचं, अर्ध्या तासानं एक फेरी मारायची, खोकी हुंगायची. आणि एकच कडक नियम, वर गेल्यावर एकाही खोक्याची जाळी सोडायची नाही. विमान हेलकावलं आणि खोकं उडालं तर कोणाच्या डोक्यात बसेल सांगता येत नाही. सोडलीस तर नोकरी गेली.

हसऱ्यानं सुरुवातीला मजेत घेतलं. त्या खोक्यांसमोर उभा राहून सूचना द्यायचा. "प्रवाशांना विनंती, पट्टे बांधा, खुर्च्या सरळ करा." मग हळूहळू ते बंद झालं. मेहुणी माझी माहेरी अडकलेली. प्रवासाहून आला की हा चौदा दिवस खोलीत कोंडलेला. डबा दाराबाहेर ठेवून माणूस जिना उतरून जायचा, मग यानं दार उघडायचं. चौदा दिवस झाले की पुन्हा खोकी. एकदा रात्री मला फोन केला. म्हणाला, "दादा, जेवण गार आहे म्हणून माझ्यावर ओरडणारा माणूस आज भेटला ना, तर मी त्याला मिठी मारीन." मी हसलो. तो हसला नाही.

तर ती रात्र. नोव्हेंबरचा पहिला शुक्रवार संपून शनिवार लागला होता. विमान परदेशातून इकडे यायला निघालं रात्री दोनला. हातमोज्यांची खोकी, खच्चून भरलेलं. नियमानं मागे दोघं लागतात, पण जोडीदाराला आयत्या वेळी ताप निघाला, त्याला उतरवला. पुढे दोन पायलट, त्यांचं दार आतून बंद. मागे हा एकटा.

खिडक्यांची झाकणं सगळी खाली. दिवे मंद केलेले. थंडी चांगलीच, खोक्यांना कशाला हवी ऊब. तासभर गेला. हसऱ्या मागच्या छोट्या खुर्चीवर बसून होता, मेहुणीनं पाठवलेला आपल्या लेकीचा फोटो बघत. तेवढ्यात वाजलं.

टिंग.

त्यानं मान वर केली. मधल्या वाटेच्या वर एक दिवा लागलेला. निळा. पुढे, डाव्या हाताला.

त्याची सवय बघा. उठला, कपडे नीट केले, चेहऱ्यावर हसू आणलं आणि निघाला. अर्ध्या वाटेत त्याच्या लक्षात आलं की इथे दाबायला कोणी नाही.

म्हणाला, बिघाड असेल. वायर हलली असेल. ओळीशी गेला, खोक्यावरून हात लांब करून दिवा बंद केला. ओळीचा आकडाही बघितला नाही. परत फिरला. खुर्चीवर बसतोय न बसतोय...

टिंग.

तोच दिवा.

आता मात्र त्यानं आकडा बघितला. तेवीस. खिडकीवरचं बटण. म्हणाला, खोकं दबत असेल. पण बटण वर, छताला. खोकं खाली, जाळीत. मध्ये एवढी मोठी हातभर जागा. त्यानं दिवा बंद केला. आणि तेव्हा दिसलं, खोक्याच्या मागे, खिडकीचं झाकण बोटभर वर आहे. बाहेर चांदणं होतं. एक पांढरी चीर खोक्याच्या कडेवर पडलेली.

निघताना सगळी झाकणं त्यानंच खाली केली होती. मोजून.

खोक्यामागे हात घालून त्यानं झाकण खाली दाबलं. हात आत जाताना... तिथे ऊब होती म्हणाला. एवढ्या थंडीत. कोणी नुकतंच उठून गेलेल्या जागेला असते तेवढी.

तो मागे आला. बसला नाही. उभाच राहिला.

पुढून फोन आला. कॅप्टन. "काय रे, मागे घंटा कोण वाजवतंय?"

"बिघाड आहे साहेब. तेवीसचं बटण."

"बरं. मघाशी तू कोणाशी बोलत होतास?"

"मी नाही बोललो साहेब."

 मग कॅप्टन म्हणाला, "झोपू नकोस." आणि ठेवला.

टिंग.

तो गेला नाही. मागच्या पडद्याला धरून उभा राहिला. निळा दिवा तसाच. आणि मग त्याच्या डोळ्यांदेखत... त्या ओळीतून उजेड वाढायला लागला. हळूहळू. बोटभर. चार बोटं. झाकण वर जात होतं. वीतभर झालं आणि थांबलं.

खोकं आडवं होतं. उजेड त्याच्या कडांनीच येत होता. बघायला वाव नव्हता.

टिंग.

पोरांनो, भीती काय असते ती त्यानं मला सांगितली. पण त्याच दमात त्यानं दुसरंही सांगितलं, आणि ते मला जास्त लागलं. तो म्हणाला, "दादा, आठ महिन्यांत मला कोणी बोलावलं नव्हतं. पहिल्यांदाच बोलावलं. मग न जाऊन कसं चालेल?"

तो गेला.

 ओळीशी थांबला. तोंडातून आपोआप निघालं, रोजचंच वाक्य. "काय हवंय?"

काही नाही. इंजिनाची घरघर.

"पाणी आणू...?"

...

आणि त्याला आठवलं. काही नको रे. दिवा लावला की तू येतोस का, ते बघितलं.

तेवीस. मधली जागा. खिडकीचं कबूल केलेलं.

तो म्हणाला, माझ्या अंगावरचा केस न् केस उभा राहिला, पण हात थांबले नाहीत. त्यानं जाळीचा पट्टा सोडला. नोकरी जाणार, ठाऊक होतं. पदरात नुकती चालायला लागलेली पोर, ठाऊक होतं. खिडकीवरचं खोकं उचललं. हलकं होतं, हातमोजेच. मागे नेऊन चहा-पाण्याच्या जागेत दोरीनं बांधलं. परत आला. खुर्ची रिकामी. पट्ट्याची दोन टोकं दोन बाजूंना पडलेली. झाकण त्यानं स्वतः पूर्ण वर केलं. खाली ढग, वर चंद्र. सगळं पांढरं.

"बसा आजी," तो म्हणाला. आणि दिवा बंद केला.

त्यानंतर वाजलं नाही.

घंटा वाजत होती तोवर ठीक होतं म्हणाला. थांबल्यावर जी शांतता झाली, ती सोसवेना. मागून त्या खुर्चीची पाठ दिसायची. नुसती पाठ. पुढे जाऊन बघायची छाती झाली नाही. पहाटे विमान खाली यायला लागलं, पट्ट्यांची खूण लागली. त्यानं माईक हातात घेतला. किती महिन्यांनी.  एवढंच म्हणाला, "आजी... पट्टा बांधा."

इथून पुढचं मी पाहिलेलं आहे.

विमान आलं, जिना लावला, मी वर चढलो, दार उघडलं. हसऱ्या दाराशी उभा. हात पुढे जोडलेले, तोंडावर ते हसू, आणि नजर माझ्याकडे नाहीच. माझ्या बाजूनं कोणी उतरत असावं तसा बघत होता. मी म्हटलं, "अरे, कोणाला निरोप देतोयस?" त्यानं मला हातानं थोडं बाजूला सरकायला सांगितलं. मी सरकलो. का सरकलो, मला सांगता यायचं नाही.

मग तो पायरीवर बसला आणि मला सगळं सांगून टाकलं. मी म्हटलं, झोप नाही तुला, एकटा पडलायस, डोकं चालेनासं झालंय. खोक्याचं मी बघतो, जाळी तुटली होती म्हणू, तू घरी जा. माझीच टोळी आहे, कोण विचारतंय.

तेवढ्यात खालून पोरांनी हाक मारली. विमानाच्या पोटातून पहिली निघाली ती शवपेटी. आम्हाला ठाऊक होतं, एक येणार आहे म्हणून. त्या दिवसांत दर फेरीला एखादी असायचीच. वर बसणाऱ्याला कोणी ते सांगत नाही. आम्ही नेहमीसारखी हळू उतरवली, या शेडमध्ये आणली. इथेच, आता तू बसलायस ना, तिथे ठेवली होती.

फाटकाशी एक म्हातारे गृहस्थ उभे होते. एकटे. सोबत कोणाला यायची परवानगी नव्हती. हातात बायकांच्या चपला, जुन्या, टाचा झिजलेल्या. मला म्हणाले, "प्रवासाला नवे बूट घालून गेली होती. चावायचे तिला. मुलीला ते काढायला जमलं असेल नसेल, म्हणून या आणल्या."



सही झाली. ते पेटीपाशी उभे राहिले. लाकडावर हात ठेवला. मग मला विचारलं, अगदी संकोचून, जसं कोणी नसती चौकशी करतं तसं. "इथे विमानात एक हसरा मुलगा असतो का हो? रोज फोनवर सांगायची. त्यानं कबूल केलंय म्हणायची, परतीला खिडकी देतो. विमानं कधी सुरू होतात, एवढंच विचारायची. मला चहा करता यायला लागला, तेही सांगितलं तिला. म्हणाली, येते आणि पिते."

हसऱ्या माझ्या मागे येऊन उभा होता. कधी आला, कळलं नाही. त्याच्या चेहऱ्यावरचं ते हसू मी पहिल्यांदा गेलेलं पाहिलं.

आजोबांनी त्याच्याकडे बघितलं. अंगावरचा गणवेश बघितला. "तूच का रे तो?"

त्यानं मान डोलावली.

"मग आता... तिला काही मिळाली नसेल ना खिडकी. अशी आली ती."

हसऱ्यानं पेटीकडे बघितलं.  मग म्हणाला, "मिळाली आजोबा. तेविसाव्या ओळीत. चांदणं होतं."

आजोबा त्याच्याकडे बघत राहिले. पोरगं आपलं समाधान करतंय, असं त्यांना वाटलं असणार. तरी त्यांनी त्याचा खांदा थोपटला. म्हणाले, "बरं झालं. नीट बघायला सांगितलं होतं मी."

गाडी आली, पेटी गेली, चपला आत पेटीवर ठेवून ते पुढे ड्रायव्हरजवळ बसले. आम्ही दोघं विमानाकडे परत निघालो, ते सोडवलेलं खोकं जागेवर न्यायला. हसऱ्या दाराशीच थांबला. म्हणाला, "दादा, तू बघ. मला नाही जमत."

मी आत गेलो. माझ्या आधी वर कोणी गेलं नव्हतं, टोळी अजून खालचाच माल काढत होती. जाळ्यांच्या मधून वाट काढत ओळी मोजत गेलो. वीस. एकवीस. बावीस.

खिडकी उघडी. खुर्ची रिकामी.

आणि खुर्चीवर पट्टा. चिमटा एका बाजूला तसाच लोंबतोय. दोन्ही टोकं जवळ ओढून, लहानशा पोटाभोवती बसतील इतकी...

गाठ मारलेली. गाठोड्याला मारतात तशी.